पहिल्या धुण्याआधी

आयफोनच्या तांत्रिक माहितीत एक ओळ वर्षानुवर्षे जवळपास तशीच छापलेली असते: फोन वापरताना भोवतालचे तापमान शून्य ते ३५ अंश सेल्सियस असावे. सोलापुरात एप्रिलच्या दुपारी पारा चाळिशी ओलांडतो आणि मे महिन्यात एखाद्या वर्षी ४३-४४ अंशांनाही टेकतो. उन्हाळाभर या शहरातल्या बहुतेक दुपारी म्हणजे कंपनीने स्वतःच आखलेल्या रेषेपलीकडच्या. त्या रेषेपलीकडे फोन लगेच बंद पडतो असे नाही. तो तापतो, स्क्रीन आपोआप अंधूक होते, चार्जिंग मध्येच थांबते, वेग मंदावतो, आणि वारंवार उष्णता सोसलेली लिथियम-आयन बॅटरी आपली साठवणक्षमता लवकर गमावते. नवा फोन जाहीर होताच तासाभरात इंटरनेटवर त्याच्याविषयी असंख्य मते उमटतात, पण त्यांत या ओळीचा उल्लेख क्वचितच सापडतो. बोलणे चालते ते रंगावर, मागच्या बाजूच्या कॅमेऱ्याच्या उंचवट्यावर, गेल्या वर्षीच्या फोनशी असलेल्या साम्यावर. बोलणाऱ्यांपैकी कोणाच्याही हातात तो फोन अजून आलेला नसतो. कागदावरूनच निकाल द्यायचा असेल, तर निदान कागद तरी शेवटपर्यंत वाचायला हवा. तेवढेही होत नाही.

न वापरलेल्या वस्तूवर कोणी बोलूच नये, असे मला म्हणायचे नाही. तसे म्हणणे म्हणजे जाहिरातीला मोकळे रान देणे, कारण जाहिरातही वस्तू वापरून केलेली नसते. मला म्हणायचे आहे ते एवढेच की, फोनविषयीच्या काही विधानांचा पुरावा फोन बाजारात येण्याआधीच तयार असतो. किंमत किती, वॉरंटी काय, सॉफ्टवेअरची अद्ययावत आवृत्ती किती वर्षे मिळणार, खोक्यात चार्जर आहे की नाही, हे सांगायला फोन हातात घ्यावा लागत नाही. काही विधानांचा पुरावा मात्र वापरातून निर्माण होतो. त्याआधी तो जगात कुठेही नसतो. लग्नाच्या मांडवात रात्री काढलेला फोटो कसा येतो, दुसऱ्या वर्षी चार्जिंग संध्याकाळपर्यंत टिकते का, पावसाळी हवेत बोटाचा ठसा लागतो का, हे कंपनीच्या अभियंत्यालाही नेमके ठाऊक नसते. पहिल्या जातीचे बोलणे जितके लवकर होईल तितके चांगले. दुसऱ्या जातीचे बोलणे लवकर झाले, तर ते बोलणे राहत नाही, अंदाज होतो. इंटरनेटवरच्या टीकेत या दोहोंची सरमिसळ होते, दोन्ही एकाच ठाम सुरात सांगितले जाते, आणि तिची किंमत बलाढ्य कंपनीपेक्षा हप्त्यावर फोन घेणारा गिऱ्हाईक अधिक मोजतो.

ही सरमिसळ एकाच वाक्यात कशी बसते याचे उत्तम उदाहरण २००७ मधले आहे. स्टीव्ह जॉब्स यांनी पहिला आयफोन दाखवला तो ९ जानेवारीला, आणि विक्री सुरू झाली २९ जूनला. मधल्या काळात मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी एका मुलाखतीत तो हसण्यावारी नेला. पाचशे डॉलरचा फोन, तोही बटणांच्या कीबोर्डाशिवाय, म्हणून कामकाजाच्या ईमेलसाठी निरुपयोगी, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. पुढे बामर कसे चुकले हे सांगण्यासाठी हा प्रसंग असंख्य वेळा उगाळला गेला. पण नीट पाहिले तर ते अर्धेच चुकले होते. फोन महाग आहे हे कागदावरचे विधान होते, आणि ते टिकले: सप्टेंबर २००७ मध्ये ॲपलनेच आठ जीबीच्या फोनची किंमत ५९९ डॉलरवरून ३९९ वर आणली. काचेवर बोटांनी लिहिणे जमणार नाही, हे विधान मात्र हाताचे होते. हाताला संधी न देता केलेले ते विधान दोन-तीन वर्षांत कोसळले. बुद्धी तीच, माणूस तोच, मुलाखत तीच. फरक होता तो फक्त पुराव्याच्या जातीचा.

असे विधान का चुकते, तेही समजून घ्यायला हवे. न वापरलेली वस्तू आपण जुन्या सवयीच्या हाताने कल्पनेत वापरून पाहतो. २०११ मध्ये सॅमसंगचा गॅलेक्सी नोट ५.३ इंची स्क्रीन घेऊन आला, तेव्हा हा फोन की पाटी, खिशात मावणार कसा, कानाला लावला तर दिसणार कसा, अशी टिंगल झाली. टिंगल करणारा फोन कानाला लावायचा आहे हे गृहीत धरत होता, कारण तोपर्यंतचा फोन कानाचा होता. माणसे फोन डोळ्यांसमोर धरू लागली आणि कानाला लावणे हे त्याचे दुय्यम काम झाले, हा बदल कागदावर मोजलेल्या मिलिमीटरमधून कळण्यासारखा नव्हता. ऑगस्ट २०१२ पर्यंत एक कोटी नोट विकले गेल्याचे सॅमसंगने जाहीर केले. आज साडेसहा इंची स्क्रीन पाहून कोणी डोळेही विस्फारत नाही.

इथे कोणी म्हणेल, ही तर गाजलेल्या वस्तूंची निवडक उदाहरणे झाली. टीका झाली आणि फोन खरोखर वाईट निघाला असेही पुष्कळदा घडले असेल. मान्य आहे. म्हणून उलट बाजूचे उदाहरण घेऊ. ऑगस्ट २०१६ मध्ये आलेल्या गॅलेक्सी नोट ७ चे पहिल्या आठवड्यातले परीक्षण भरभरून स्तुतीचे होते. परीक्षकांनी तो निदान काही दिवस वापरलाही होता. २ सप्टेंबरला सॅमसंगने तो जगभरातून परत मागवायला सुरुवात केली, कारण बॅटरी पेट घेत होत्या. सुमारे पंचवीस लाख फोनांचा हा प्रश्न होता. बदलून दिलेले फोनही पेटू लागले, तेव्हा ११ ऑक्टोबरला त्याचे उत्पादन कायमचे थांबवले गेले. भारतात तो विक्रीला येण्याआधीच विमानप्रवासात तो सुरू वा चार्ज करण्यावर बंदी आली. पुढे चौकशीत निघालेले दोष बॅटरीच्या आतल्या बांधणीचे होते; कोणत्याही माहितीपत्रकात ते दिसणे शक्य नव्हते. म्हणजे घाईच्या निंदेइतकीच घाईची स्तुतीही कच्ची असते. माझा आक्षेप निंदेच्या तिखटपणावर नाहीच. तिखट बोलणे सोलापूरला नवे नाही आणि वाईटही नाही.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. न वापरता केलेली टीका कधीकधी शंभर टक्के खरी ठरते, आणि ती वेळेवर झाली नसती तर लोक बुडाले असते. फेब्रुवारी २०१६ मध्ये दहा दिवसांच्या आत अशी दोन उदाहरणे घडली. फेसबुकची 'फ्री बेसिक्स' ही योजना गरिबांना निवडक संकेतस्थळे फुकट देत होती. ती स्वतः वापरून न पाहताच देशभरातून हरकती गेल्या, आणि ८ फेब्रुवारीला दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, मजकुराप्रमाणे वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली. लगेच १७ फेब्रुवारीला नोएडाच्या रिंगिंग बेल्स कंपनीने २५१ रुपयांत स्मार्टफोन देऊ केला. 'फ्रीडम २५१' हे त्याचे नाव. नोंदणीसाठी एवढी झुंबड उडाली की कंपनीचे संकेतस्थळ कोलमडले. पण जाणकारांनी पहिल्याच दिवशी हिशेब मांडला की, नुसत्या स्क्रीन, बॅटरी आणि चिपची किंमतच याच्या कितीतरी पट होते. पत्रकारांना दाखवायला दिलेल्या फोनवरचे दुसऱ्याच कंपनीचे नाव पांढऱ्या रंगाने झाकलेले आढळले. बहुसंख्य नोंदणीदारांच्या हाती काही पडले नाही, आणि पुढच्या वर्षी एका वितरकाच्या तक्रारीवरून कंपनीच्या संचालकाला अटक झाली. इथे 'आधी वापरा, मग बोला' असे कोणी म्हटले असते तर तो शहाणपणा नव्हे, फसवणुकीला हातभार ठरला असता.

ही दोन्ही उदाहरणे माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जात नाहीत, उलट ते म्हणणे अधिक नेमके करतात. फ्री बेसिक्सवरची हरकत तिच्या अटींवर होती, आणि अटी छापलेल्या होत्या. फ्रीडम २५१ वरची हरकत बेरजेवर होती, आणि बेरीज कोणालाही करता येत होती. कोणी असे म्हटले नाही की, या फोनचा स्पर्श खरखरीत आहे किंवा आवाज बारीक येतो. टीकाकार आपल्या पुराव्याच्या कुंपणात राहिले, म्हणून त्यांची टीका अचूक ठरली.

या कुंपणाची जाण सोलापूरने फार वेगळ्या प्रसंगी दाखवली आहे. १९३० मध्ये कायदेभंगाच्या चळवळीत हे गिरण्यांचे शहर पेटले, इंग्रज सरकारने इथे मार्शल लॉ पुकारला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना फाशी दिली. त्या काळात विलायती कापडावर बहिष्कार होता. तो घालणाऱ्यांत सुताची पारख असलेली माणसे होती. मँचेस्टरचे कापड विरते किंवा त्याचा रंग जातो असे बहिष्काराला सांगावे लागले नाही. कापड चांगले असेल, तरी आम्ही ते घेणार नाही, कारण ते आमच्या गुलामीतून आलेले आहे, एवढे कारण पुरेसे होते आणि ते खरे होते. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यातल्या चकमकीनंतर चिनी फोनांवर बहिष्काराची हाक आली, तेव्हा अनेकांनी आपले खरे कारण सांगण्याऐवजी त्या फोनांचे कॅमेरे आणि बॅटरी अचानक वाईट ठरवल्या. देशाच्या कारणाने फोन नाकारण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. पण ते कारण दर्जाच्या भाषेत सांगितले की दोन्हींचे नुकसान होते: देशाचे कारण पातळ होते आणि दर्जाविषयीचे बोलणे अविश्वसनीय.

आणखी एक आक्षेप सोलापूरच्याच बाजूने घेता येतो, आणि त्यात वेदना आहे. जुलै २०१४ मध्ये शाओमीचा मी ३ भारतात फक्त फ्लिपकार्टवर विकायला आला. १३,९९९ रुपयांच्या या फोनच्या काही खेपा सेकंदांत संपल्या. तेव्हापासून पुष्कळ फोन आधी इंटरनेटवर आणि नंतर, आले तर, दुकानात येऊ लागले. मुंबई-पुण्यातल्या मॉलमध्ये नमुन्याचा फोन मांडलेला तरी असतो. लहान शहरातल्या माणसाने हात लावून न पाहता, ठरलेल्या दुपारी ठरलेल्या मिनिटाला बटण दाबायचे असते. त्याला आधीची मते वाचू नका म्हणणे म्हणजे डोळे मिटून उडी मार म्हणणे. हा आक्षेप मला पूर्ण पटतो. विडी वळून किंवा यंत्रमागावर उभे राहून मिळणाऱ्या पैशांतून पंधरा हजारांचा फोन घेणे हा कित्येक महिन्यांचा निर्णय असतो, आणि वर्षभराच्या हप्त्यांचा. पण म्हणूनच तर त्याच्यापर्यंत पोचणारे बोलणे त्याच्या कामाचे असायला हवे. आज पोचते ते बोलणे दुसऱ्याच कोणाच्या कामाचे असते.

त्याच्या कामाचे प्रश्न कोणते, हे शहराकडे पाहिले की कळते. पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांच्या घरात तेलुगू बोलली जाते, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडून कानडी येते, शहरात उर्दू वाचणारे मोठ्या संख्येने आहेत, आणि शाळा, कचेरी, बाजार यांची भाषा मराठी. एकाच घरातला मुलगा आजीला एका लिपीत, मास्तरांना दुसऱ्या लिपीत आणि व्यापाऱ्याला रोमन अक्षरांत संदेश लिहितो. केंद्र सरकारच्या २०१६ च्या आदेशाने भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनवर २२ भारतीय भाषा वाचता येणे, आणि इंग्रजी, हिंदी व आणखी किमान एका भाषेत लिहिता येणे बंधनकारक झाले. पुढे त्याची अंमलबजावणीही झाली. कागदावर हा प्रश्न सुटला. हातात तो सुटतो का? 'शेतकऱ्याला' या शब्दातला ऱ्य नीट जुळतो, की र आणि हलंताचा पाय सुटे पडतात? राज्य शासनाने २००९ मध्ये प्रमाणित केलेल्या वर्णमालेतला पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श मिळतो, की हिंदी वळणाचेच अक्षर पदरात पडते? उर्दू मजकूर नस्तालिक वळणात उमटतो, की वाचकाला परक्या वाटणाऱ्या नस्खमध्ये? मराठीतून तेलुगूकडे वळताना कीबोर्ड एका टिचकीत बदलतो की चार पडदे ओलांडावे लागतात? चार-सहा आठवडे रोज लिहिल्याशिवाय याची उत्तरे मिळत नाहीत. आणि जाहीर होण्याच्या संध्याकाळी हे प्रश्न कोणी विचारलेले आढळत नाहीत, कारण ते विचारणारा माणूस तेव्हा बोलतच नसतो.

यंत्रमागाच्या शेडमध्ये पत्र्याखाली उकाडा असतो आणि शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावे लागेल एवढा खडखडाट. तिथे फोनची घंटी ऐकू जाते का, हा प्रश्न महत्त्वाचा. आणि खिशातली थरथर जाणवते का हा त्याहून महत्त्वाचा, कारण पायाखालची जमीनही थरथरत असते. कापसाचे बारीक तंतू स्पीकरच्या आणि चार्जिंगच्या छिद्रांत जाऊन बसतात. वर्षानुवर्षे हाताने कष्ट करणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात, हे आधारच्या ठशांच्या वेळी देशभर लक्षात आले. सोलापूरजवळच्या कुंभारीतल्या विडी-कामगारांच्या घरकुलातल्या बाईच्या बोटाला स्क्रीनखालचा ठसावाचक ओळखतो का, हे त्या बोटानेच ठरवायचे आहे. डिस्प्ले फुटला तर मूळ डिस्प्ले सोलापुरात मिळतो, की कॉपीवर भागवावे लागते, की फोन पुण्याला धाडून आठवडाभर फोनविना राहायचे? ज्या घरात एकच फोन आहे आणि त्यावरच मुलांचा अभ्यास, पैशांची देवघेव आणि कामाचे निरोप चालतात, तिथे तो आठवडा म्हणजे घराचे दारच बंद होणे.

हे सारे अनुभव शहरात आहेत. दुरुस्तीच्या दुकानांत, गिऱ्हाइकांच्या तक्रारींत, शेजाऱ्याला दिलेल्या सल्ल्यात ते रोज बोलले जातात. ते पोचत नाहीत, याचे कारण माझ्या मते घाईच्या टीकेत आहे, आणि तिचा खरा तोटा हाच. लक्ष देण्याची लोकांची शक्ती मर्यादित असते. फोन येण्याआधी फुटलेल्या छायाचित्रांवर वाद, जाहीर होताना वाद, पहिल्या विक्रीच्या दिवशी वाद. महिनाभरात त्या फोनचे नाव काढले तरी लोकांना शिळे वाटते. वापरणाऱ्याला काही सांगण्यासारखे सुचते ते तिसऱ्या, सहाव्या, दहाव्या महिन्यात. तोवर सभा उठलेली असते. न वापरलेल्याने आधी बोलून घेतल्यामुळे वापरलेल्याला ऐकणारा उरत नाही. वृत्तपत्रे, व्हिडिओ बनवणारे आणि कंपन्या या तिघांचेही हित पहिल्या दिवशीच्या गर्दीत गुंतलेले असते, त्यामुळे ही व्यवस्था बदलावी असे त्यांच्यापैकी कोणाला वाटण्याचे कारण नाही.

जिओफोनच्या बाबतीत हे फार स्पष्ट दिसले. २१ जुलै २०१७ रोजी तो जाहीर झाला: बटणांचा फोन, चौथ्या पिढीचे इंटरनेट, १५०० रुपये परतीची अनामत. स्मार्टफोनवाल्यांनी बटणे, छोटी स्क्रीन आणि व्हॉट्सॲप नसणे यांवर टीका केली. व्हॉट्सॲपची उणीव कागदावर दिसणारी होती, ती टीका योग्य होती, आणि वर्षभराने व्हॉट्सॲप आलेही. बटणांवरची टीका मात्र ज्यांना तो फोन घ्यायचाच नव्हता त्यांनी, ज्यांना घ्यायचा होता त्यांच्या वतीने केलेली होती. आयुष्यात पहिल्यांदा इंटरनेट हातात घेणाऱ्याला बटण सोपे वाटते की अवघड, हे त्याला कोणी विचारले नव्हते.

आधी काय पारखायचे आणि वापरून काय ठरवायचे, याचे सोलापूरकडे एक जुने, कसून तपासलेले ज्ञान आहे, ते चादरीचे. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना २००५-०६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही देशभरच्या बाजारांत सोलापुरी म्हणून परगावच्या मागांवरच्या चादरी विकल्या जातात, हे इथल्या कारखानदारांचे जुने दुखणे आहे. दुकानात चादर घेणारा जाणता गिऱ्हाईक काय करतो? लेबल वाचतो, वजन पाहतो, टोकाशी वीण मोजल्यासारखी बघतो, उलट बाजूला नक्षी तितकीच सुबक आहे का ते तपासतो. एवढे कागदाचे आणि डोळ्यांचे. रंग पक्का आहे का, चादर आटते का, गोळे धरते का, हे तो दुकानात ठरवत नाही. ते घरी, पहिल्या धुण्यात ठरते, आणि पुढच्या अनेक धुण्यांत. मग तो परत येऊन दुकानदाराला सांगतो, दुकानदार कारखानदाराला सांगतो, आणि पुढच्या खेपेचा रंग बदलतो. दुकानात चादर उलगडताच 'रंग जाणार' म्हणून ओरडणाऱ्याला जाणता म्हणत नाहीत. रंगाविषयी तो चूकच असेल असे नाही, पण त्याच्याजवळ सांगण्यासारखे अजून काही जमलेले नसते.

फोन म्हणजे चादर नव्हे, असे यावर म्हणता येईल. चादरीची वीण पिढ्यान्पिढ्या तीच राहते. फोन वर्षभरात जुना होतो, मग दहाव्या महिन्यातली साक्ष काय कामाची? हा आक्षेप दिसतो तितका भक्कम नाही. फोन जुना होतो तो जाहिरातीच्या दृष्टीने. नवा आल्यावर जुन्याची किंमत उतरते, आणि सोलापुरासारख्या शहरात अनेकांची खरेदी नेमकी तेव्हाच होते. त्यानंतर तोच फोन जुन्या फोनांच्या बाजारात दुसऱ्या हाताकडे, घरातल्या धाकट्याकडे जातो. म्हणजे ज्याला जगातले पहिले परीक्षण शिळे म्हणते, तो फोन इथे ताजा असतो. शिवाय फोन बदलला तरी कंपनीच्या सवयी सहज बदलत नाहीत: वचन दिलेले सॉफ्टवेअर वेळेवर येते का, सुटे भाग मिळतात का, जुना फोन मुद्दाम मंदावतो का. २०१७ च्या डिसेंबरात ॲपलने जुन्या बॅटरीच्या आयफोनांचा वेग सॉफ्टवेअरद्वारे कमी केल्याचे मान्य केले. ते उघडकीला आले वापरणाऱ्यांमुळे, ज्यांनी फोन वर्ष-दोन वर्षे जपून वापरला आणि मंदावलेला वेग मोजून पाहिला.

वापरातून निर्माण होणाऱ्या पुराव्यापैकी काही भाग चाचणीने आधी मिळवता येतो, हे मी मोकळेपणाने मानतो. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून स्मार्टफोनवर एक पट्टी सक्तीची केली आहे. एका चार्जवर फोन किती तास चालतो, पडला तर किती टिकतो, दुरुस्त करणे किती सोपे, यांचे गुण तिच्यावर असतात. बॅटरीने ८०० वेळा भरून-रिकामी होऊनही मूळ क्षमतेच्या ८० टक्के क्षमता टिकवावी असा नियमही आहे. पण तिथल्या प्रयोगशाळेतला उन्हाळा आपला नव्हे. भारतात असे गुण ठरवले जातील, तेव्हा ४२ अंशांत दुपारभर चाचणी घ्यावी, हा आग्रह सोलापूर, अकोला, चंद्रपूर यांनी धरायला हवा. ही मागणी फोन न वापरता, आजच करता येते. वापराआधीच्या टीकेची सगळी शक्ती अशा मागण्यांकडे वळली, तर मला तिच्याविषयी कसलीच तक्रार उरणार नाही.

भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये इंटरनेटवरच्या ग्राहक-अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक आणले. खोट्या आणि विकत घेतलेल्या अभिप्रायांना आळा घालणे हा त्याचा हेतू. ते ऐच्छिक ठेवले गेले, ही त्याची दुबळी बाजू. अभिप्राय देणारा खरा आहे का, एवढेच विचारणे मला अपुरे वाटते. त्याने वस्तू किती दिवस वापरली, कुठे वापरली, हे शेजारी छापले गेले, तर वाचणाऱ्याला आपोआप तोलता येईल. 'आठ महिने, इचलकरंजी, यंत्रमाग' असे चार शब्द शंभर ताऱ्यांपेक्षा अधिक सांगतील. महाराष्ट्रात ग्राहकांनी एकत्र येऊन वस्तू पारखण्याची परंपरा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून सभासदांच्या गटांमार्फत घरसामान एकत्र खरेदी करून वाटले. एका घराचा अनुभव दुसऱ्या घरापर्यंत पोचवण्याचे ते साधन होते. फोनच्या बाबतीत इतके साधे साधनही आपल्याकडे अजून उभे राहिलेले नाही, आणि इंटरनेट हातात असताना ते नसावे याची मला खंत वाटते.

नवा आयफोन बहुतेक वर्षी सप्टेंबरात येतो. इतर कंपन्याही दिवाळीच्या खरेदीवर डोळा ठेवून आपले फोन आणतात. त्या दिवसांत सोलापुरात पाऊस असतो किंवा नुकता सरलेला असतो, हवा सुखाची असते, आणि नव्या फोनवरचा वाद कळसाला पोचलेला असतो. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते, तोवर तो वाद थंडावतो. फोन ३५ अंशांची रेषा पहिल्यांदा ओलांडतो तो मार्चच्या एखाद्या दुपारी, पत्र्याच्या छपराखाली, कोणाच्या तरी खिशात. तो किती तापला, स्क्रीन कधी अंधूक झाली, संध्याकाळी चार्जिंग किती उरले, हे त्या माणसाला नेमके ठाऊक असते. नेमक्या त्याच आठवड्यात पुढच्या सप्टेंबरच्या फोनची पहिली छायाचित्रे फुटतात, आणि सगळे त्याच्या रंगाविषयी बोलू लागतात.